मायचं बोलणं हिंदीत सांगताना

भाऊ, म्हणजे माझे वडील, फौजेत होते तोवर आमच्या घरात वर्षाचे दोन भाग असत. एक त्यांच्या सुट्टीचा आणि एक उरलेला. सुट्टीच्या दिवसांत घरात बुटांच्या पॉलिशचा आणि दाढीच्या साबणाचा वास असे. आबा, माझे आजोबा, खाट अंगणात ओढून घेत आणि गावातली चार माणसं बर्फ कसा पडतो ते ऐकायला येऊन बसत. माय त्या दिवसांत हटकून फुनके करी. भिजवलेली तुरीची डाळ पाट्यावर भरड वाटायची, लसूण-मिरची-कोथिंबीर घालून तिचे मुटके वाफवायचे आणि ते कुस्करून वर गरम कढी ओतायची. भाऊ सहा-सात फुनके सहज खात. पाट्याचा तो घरंगळणारा आवाज आला की मला शाळेत जावंसं वाटत नसे. मग एके दिवशी काळी ट्रंक पुन्हा ओसरीत यायची, माझे मोठे काका नाना सायकलवर ती पाचोऱ्याला स्टेशनवर न्यायचे आणि उरलेला भाग सुरू व्हायचा. त्यात वास नव्हते असं नाही, पण आज आठवू म्हटलं तर आठवत नाहीत.

आमचं गाव पाचोऱ्यापासून सहा-सात किलोमीटर. वारा तिकडून असला की गाडीची शिट्टी घरात ऐकू येई. आबा, नाना, त्यांची बायको-मुलं, माय आणि मी, असं आमचं घर. माय धुळ्याकडची, पांझरेच्या काठच्या गावची. तिला अहिराणीशिवाय दुसरी भाषा नव्हती. बांगड्यावाल्याशी बोलण्यापुरती हिंदी आणि मास्तरांशी बोलण्यापुरती पुस्तकी मराठी तिला येई, पण त्या दोन्ही भाषांत ती पाहुण्यासारखी बसे, पाय पोटाशी घेऊन. मी मात्र शाळेत हिंदीत पहिली यायचे. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून ऐकून माझी जीभ वळली होती. त्या वेळी मला त्याचा अभिमान होता.

मी अकरावीला असताना भाऊ कायमचे घरी आले. सतरा वर्षं नोकरी झाली होती. पेन्शनीत निघालेला माणूस म्हातारा असतो अशी माझी समजूत होती, पण भाऊ चाळिशीचेही नव्हते. या वेळी ट्रंक ओसरीत न ठेवता त्यांनी स्वतःच उचलून मागच्या खोलीत नेली. सकाळी उठून ते बूट पॉलिश करत, दाढी करत, कपडे घालत आणि मग गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून बसत. कोणी अंगणात आलं की उठून उभे राहत. शेजारची म्हातारी मिरची मागायला आली तरी उभे राहत आणि ती जाईपर्यंत बसत नसत. बर्फाचं ऐकायला माणसं आली, दोनदा आली, मग येईनाशी झाली. भाऊ कोणावर ओरडले नाहीत, कोणावर हात उगारला नाही, दारू तर ते कधी पीतच नव्हते. त्यामुळे घरात काही बिघडलंय असं म्हणायला कोणाजवळ काही कारणच नव्हतं.

एक गोष्ट होती. मायने चुलीवरून भाकरी काढून त्यांच्या ताटात टाकली की ते ताट घेऊन उठत आणि गोठ्यात जाऊन बसत. तिथेही ते खात की नाही कोण जाणे. बऱ्याचदा भाकरी गायीपुढे पडलेली दिसे. मी वाढलं तर स्वयंपाकघरातच बसून खात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याची भाजी, काहीही. माय चुलीपाशी नसली, मळ्यात गेली असली, की दोन भाकऱ्या जास्तच खात. आम्हाला हे कळायला महिना लागला. मायला पहिल्याच दिवशी कळलं असणार. भाकरी थापताना तिचे हात मोठ्याने वाजायला लागले. पुढे पुढे ती भाकऱ्या करून ठेवी, मला हाक मारी आणि स्वतः मागच्या दाराने विहिरीकडे निघून जाई.

मला त्या वेळी काय वाटत होतं, असं अलीकडे माझ्या मुलीने विचारलं. ती आता तेव्हाच्या माझ्याएवढी आहे. मी सगळं पाहत होते. कोण कुठे बसलं, कोणी किती खाल्लं, कोण कधी उठून गेलं, हे मला आजही सांगता येईल. पण त्याबरोबर काही वाटत असावं आणि ते मी विसरले, असंही नाही. वाटायचंच थांबलं होतं. आता पन्नाशी जवळ आली. हे लिहिताना हात कुठे अडत नाही आणि तेच मला बरं वाटत नाही.

वैशाखात नानांच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं. लग्न दुपारी लागलं, जेवणं झाली आणि पाठवणीची वेळ आली. आमच्याकडे मुलगी निघाली की बायका गळ्यात पडून मोठ्याने रडतात. तशा त्या रडायला लागल्या. भाऊ मांडवाच्या खांबापाशी पानाचं तबक धरून उभे होते. त्यांनी तबक जमिनीवर ठेवलं, नीट, एकही पान न सांडता, आणि ते मांडवातून बाहेर पडले. मला वाटलं हात धुवायला गेले. वऱ्हाड गेलं, मांडव रिकामा झाला, तरी ते आले नाहीत. नाना सायकलवर एका बाजूला गेले, आबांनी गडी मळ्याकडे पाठवला. शेवटी मी आणि नाना पाचोऱ्याला गेलो. ऊन उतरलं होतं. स्टेशनवर फलाटाच्या अगदी टोकाच्या बाकावर भाऊ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. त्यांच्याशेजारी गळ्यात टेप लटकवलेला एक उंच म्हातारा बसला होता. नानांनी विचारलं, इथे काय करतोस. भाऊ म्हणाले, "गाडी येवानी शे." कुठली गाडी, असं विचारलं तेव्हा त्यांनी सिग्नलकडे बोट केलं.

तो म्हातारा म्हणजे शेख सुभेदार. फौजेतून सुभेदार होऊन निघालेले, स्टेशनसमोर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. दुकानातून त्यांनी भाऊंना चालत येताना पाहिलं होतं आणि चालण्यावरूनच फौजी ओळखला होता. मशीन तसंच टाकून ते तीन तास भाऊंच्या शेजारी बसून होते. तीन तासांत दोघं एक शब्दही बोलले नव्हते, असं ते नानांना म्हणाले. मग त्यांनी नानांना बाजूला घेतलं. जळगावात माजी सैनिकांसाठी एक केंद्र आहे, तिथे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक बाई येतात, फौजेच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता माणसांचं ऐकून घेण्याचं काम करतात, तिकडे घेऊन जा, असं सांगितलं. कोणी ऐकतंय का, म्हणून नाना इकडेतिकडे पाहू लागले. सुभेदारांना ते कळलं असावं. ते म्हणाले, "मी बी जास त्या बाईकडे. मनी घरवाली बी येस. लाजानं काय शे त्यामा?"

घरी आबांना पटलं नाही. फौजी माणूस आहे, त्याला काय झालंय, हातपाय धड आहेत, असं ते म्हणत राहिले. नाना एकदा हो म्हणत, एकदा नाही. शेवटी मायनेच ठरवलं. तिने ते कोणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या शनिवारी पहाटे उठून भाकऱ्या बांधल्या, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि भाऊंसमोर त्यांचे बूट आणून ठेवले. भाऊंनी ते पायांत घातले. मी बरोबर निघाले, कारण जळगावात पाट्या वाचायला कोणी तरी हवं होतं.

केंद्र म्हणजे तीन खोल्यांचं बैठं घर होतं. पुढच्या खोलीत टेबल, कपाट आणि अर्जांचे गठ्ठे. मागच्या खोलीचे प्लायवूड लावून दोन भाग केलेले. आतल्या भागात त्या बाई, म्हणजे मॅडम, बसत, बाहेरच्या भागात भिंतीला टेकून एक लांब बाक होता. मॅडम केरळच्या होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केसांची घट्ट गाठ आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांची हिंदी फौजेत शिकलेली, एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखी. पहिल्या दिवशी भाऊ आत गेले आणि वीस मिनिटांनी बाहेर आले. आत ते काहीच बोलले नव्हते. मॅडमनी ते मनावर घेतलं नाही. त्या म्हणाल्या, बसले ना, पुष्कळ झालं, आता घरवालीला पाठवा. माय आत गेली आणि लगेच दारात येऊन माझ्याकडे पाहू लागली. मॅडमची हिंदी तिला निम्मी कळत होती, पण उत्तर देता येत नव्हतं. मॅडमनी मला विचारलं, तू सांगशील का दोघींच्या मधे? मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं.

मॅडमना मात्र ते फारसं आवडल्याचं दिसत नव्हतं. मुलीला अशा कामाला बसवू नये, हे त्यांना माहीत असणार. पण दुसरं कोणी नव्हतं आणि पुढची गाडी चारची होती. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की आई जे म्हणेल ते तसंच सांगायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, काढायचं नाही. मी मान डोलावली. पहिले तीन शनिवार मी ते इमानाने केलं. मॅडम विचारत, लग्न झालं तेव्हा वय काय होतं, ते पहिल्यांदा किती दिवस राहिले, पत्रं यायची का, कोण वाचून दाखवायचं. माय सांगे आणि मी ते हिंदीत मांडून दाखवी. मी आठ महिन्यांची झाल्यावर भाऊंनी मला पहिल्यांदा पाहिलं, हे मला तिथे कळलं. आबा पत्रं वाचून दाखवत म्हणून माय पत्रात कधी स्वतःचं काही लिहायला सांगत नसे, हेही तिथेच कळलं. ऐकताना मला शब्दांचीच काळजी असे. 'ओसरी'ला हिंदीत काय म्हणायचं, भाकरीबरोबरच्या 'कोड्यास'ला काय म्हणायचं. एखादा शब्द नेमका बसला की मॅडम मान हलवत आणि मला बरं वाटे. भाऊ बाहेर बाकावर बसलेले असत. ते दर वेळी आत जात, वीस मिनिटं बसत, काही न बोलता बाहेर येत.

चौथ्या शनिवारी मॅडमनी जेवणाचं विचारलं. घरी खातात का नीट? साधाच प्रश्न होता. माय बोलायला लागली आणि थांबेचना. तिने ताटाचं सांगितलं, गोठ्याचं सांगितलं, विहिरीवर बायका काय विचारतात ते सांगितलं. पोरीच्या हातचं खातो, माझ्या हातचं खात नाही, मी काय त्यात विष घालते का, म्हणाली. सतरा वर्षं याची वाट पाहिली. दर वेळी तारवाला दिसला की पिठाच्या हाताने दारात येऊन उभी राहायचे, तो शेजारी गेला की जीव भांड्यात पडायचा, आणि आता घरात येऊन बसलाय तर समोर कोण बसलंय तेच ओळखू येत नाही, म्हणाली. ती रडत नव्हती. निवडायला घेतलेल्या डाळीकडे पाहावं तसं टेबलाकडे पाहून बोलत होती. आणि मग त्याच आवाजात म्हणाली, "तो तठेच मरी जाता ते बरं व्हतं. मी रडी लेती नि मोकळी व्हई जाती."

पंखा फिरत होता. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. वाक्य अवघड नव्हतं. ते तिथेच मेले असते तर बरं झालं असतं, मी रडून घेतलं असतं आणि सुटले असते. हिंदीतले सगळे शब्द मला येत होते, ते ओळीने तोंडात येऊनही बसले होते. मी म्हणाले, "कहती हैं, बहुत थक जाती हैं।"

मॅडमनी मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बस?" त्यांनी विचारलं. "बस," मी म्हटलं. त्यांनी वहीत काही तरी लिहिलं. मला वाटलं, झालं, ते वाक्य आता कुठेच नाही. कागदावर नाही, हिंदीत नाही. प्लायवूडच्या पलीकडे भाऊ बसले होते आणि त्यांना अहिराणी समजते, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. ज्यांना वाक्य कळलं नव्हतं त्या एकट्या बाईपासून मी ते लपवलं होतं. ज्यांच्याबद्दल होतं त्यांनी ते मायच्या तोंडून जसंच्या तसं ऐकलं होतं.

हे मला जळगाव स्टेशनवर कळलं. माय नळावर पाणी भरायला गेली होती. भाऊ रुळांकडे पाहत म्हणाले, "तू मॅडमले ते सांगं नई." गाडी आली, त्यांनी मायला खिडकीची जागा धरून दिली आणि स्वतः दारापाशी उभे राहिले. पाचोऱ्यापर्यंत मी त्यांच्या पाठीकडे पाहत होते.

पुढचा महिना मी त्यांच्यामागे फिरण्यात घालवला. कॉलेजला जाते म्हणून निघायचे आणि वळसा घालून मळ्यात यायचे. ते विहिरीकडे गेले की मी घागर घेऊन जायचे. गोठ्याच्या माळ्यावर फवारणीच्या औषधाचा डबा होता, तो मी पहिल्याच दिवशी ओढणीत गुंडाळून शेजारच्या म्हातारीच्या मागच्या खोलीत ठेवून आले. तिला सांगितलं, आबांनी ठेवायला सांगितलाय. भीती वाटत होती का? मी ते सगळं भांडी घासावीत तसं करत होते, एकामागून एक. मायला मी काही सांगितलं नाही. तिने ऐकवलं कोणाला आणि ऐकलं कोणी, हे तिला कसं सांगणार?

सहाव्या की सातव्या दिवशी भाऊ स्वयंपाकघराच्या दारात आले. "फवारानं औषध कोठे शे?" त्यांनी मला विचारलं, "कपाशीवर मावा पडेल शे." मी म्हटलं, मला माहीत नाही. ते तिथेच उभे राहिले. उन्हात उभे असल्यासारखे डोळे बारीक करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, घेऊन ये. मी शेजारी गेले, डबा आणला आणि त्यांच्या हातात दिला. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. ते पंप पाठीला लावून निघाले आणि मी त्यांच्यामागे निघाले. मळ्यात त्यांनी बादलीत पाणी घेतलं, माप घालून औषध कालवलं, तोंडाला पंचा बांधला आणि फवारायला सुरुवात केली. मी बांधावर उभी राहिले. एक ओळ, मग दुसरी. कपाशी कमरेएवढी झाली होती. त्या पंपाची ढकल-ओढ, ढकल-ओढ मला अजून कानात ऐकू येते. ऊन डोक्यावर आलं, माझी ओढणी भिजली, पण मी बसले नाही. सगळा तुकडा फवारून झाला. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा धुतले, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "भूक लागनी."

आम्ही घरी आलो. माय चुलीपाशी होती. भाऊ ताट घेऊन गोठ्यातच गेले. त्या दिवशी काही वेगळं घडलं असं नाही.

पुढच्या शनिवारी केंद्रात गेल्यावर भाऊंनी मॅडमना विचारलं, मी यांच्याबरोबर बसू का. इतक्या शनिवारांत मॅडमनी ऐकलेलं त्यांचं ते पहिलंच वाक्य होतं. मॅडमनी मायकडे पाहिलं. माय हो म्हणाली. मग आम्ही चौघं आत बसलो. खुर्च्या तीनच होत्या, भाऊ उभे राहिले, मॅडमनी आग्रह केला तेव्हा बाहेरून एक स्टूल आणून बसले. मॅडमनी काही विचारायच्या आत ते ताठ झाले आणि वरिष्ठांपुढे रिपोर्ट द्यावा तशा आवाजात बोलले. "मैडम, पिछली बार लड़की ने गलत बताया। इसने कहा था, मैं उधर ही मर जाता तो अच्छा था। ये रो लेती और छूट जाती।"

मायला तेवढी हिंदी कळली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे. मला वाटलं ती आता उठून जाईल किंवा नाही म्हणेल. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "हां. मी बोलनू. खोटं नई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. भाऊंनीच पुढे सुरुवात केली. म्हणाले, हिने म्हटलं त्याचं मला काही नाही, पण हिचं चुकतंय. "रोकर कोई छूटता नहीं, मैडम। मैंने देखा है।" आणि मग त्यांनी सांगितलं. शेवटची तीन वर्षं त्यांना जी ड्यूटी होती ती त्यांनी घरी कोणालाच सांगितली नव्हती. मेलेल्या जवानांना त्यांच्या घरी पोचवायची ड्यूटी. शांत माणूस, दारू पीत नाही, म्हणून साहेब त्यांनाच पाठवत. अशी बरीच घरं झाली. पण एका घराबद्दलच ते बोलले.

डोंगराकडचं गाव होतं. पेटी घेऊन येणारी गाडी घाटात पंक्चर झाली, म्हणून भाऊंना आधी पुढे पाठवलं, घरी कळवायला. तार तिथे आधीच गेलेली असेल असं सगळे धरून चालले होते. ती गेली नव्हती. घरात एकटी बायको होती, विशीतली. वर्दी पाहून तिला वाटलं, नवऱ्याचा दोस्त सुट्टीवर चाललाय, वाटेत निरोप द्यायला आलाय. तिने पाय धुवायला पाणी दिलं. चुलीवर तवा होताच, तिने ताट मांडलं. भाऊ दोन दिवस प्रवासात होते. सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तिने तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकली. ते जेवले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिने विचारलं, हे कधी येणार? भाऊ म्हणाले, आज. ती हसली आणि आणखी पीठ मळायला घेतलं. मग गाडीचा आवाज आला. त्यांनी तिला सांगितलंच नाही. ते गाडीने सांगितलं.

हे सगळं ते हिंदीत बोलले, मॅडमकडे पाहून. मायला त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. मी आपणहून ते तिला अहिराणीत सांगायला लागले तेव्हा तिने हात वर केला. म्हणजे, राहू दे. ती भाऊंकडे पाहत होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, आज एवढंच. त्यांनी भाऊंना पाण्याचा पेला दिला आणि ते प्यायले.

परतताना गाडीत मायने मला हळूच विचारलं, मी बदलून सांगितलं होतं का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "माले वाटनंच व्हतं. मी इतलं बोलनू नि तू इतलुसं सांगं." रागावली नव्हती. बोलून झाल्यावर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला की नाही, ते मला आठवत नाही. फिरवला असावा.

असं वाटेल की त्यानंतर भाऊ मायच्या हातचं जेवायला लागले. तसं झालं नाही. ताट घेऊन ते पुढेही कित्येक वर्षं गोठ्यात जात. फरक एवढाच पडला, की माय विहिरीकडे जायची थांबली. कधी कधी तीही आपलं ताट घेऊन गोठ्यात जाई आणि थोड्या अंतरावर बसे. दोघं तिथे काय बोलत, बोलत का, ते मी पाहायला गेले नाही. पाठवणीला ते आजही थांबत नाहीत. माझ्या लग्नातही मांडवाबाहेर, रस्त्यावर जाऊन उभे होते आणि मी त्यासाठी त्यांना बोल लावला नाही. मॅडम वर्षभर येत राहिल्या, मग गावी गेल्या. पुढे भाऊंना दीपनगरच्या वीजकेंद्रात पहारेकऱ्याची नोकरी लागली, तिथल्या वसाहतीतल्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणींत राहून माय हिंदी शिकली. आता दोघंही गावी आहेत, म्हातारे झालेत, टीव्हीच्या आवाजावरून भांडतात. मी धुळ्याला शिकवते. बरं झालं का, असं कोणी विचारलं तर मी म्हणते, चाललंय. याहून अचूक शब्द मला सापडलेला नाही.

मात्र भाऊ ते सगळं बोलले, त्याच्या पुढचा शनिवार मला लिहायचा आहे. त्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, आता तू आत येऊ नकोस, तुझे वडील सांगतील तुझ्या आईचं बोलणं. मी बाहेर बाकावर बसले. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. प्लायवूडच्या पलीकडून मायचा आवाज आला, बराच वेळ, आणि मग भाऊंचा. ते तिचं वाक्य घेत, थांबत, आणि हिंदीत ठेवत. कुठे अडलं की मायलाच विचारत, तुला असं म्हणायचंय का? ती हो म्हणे किंवा नाही म्हणे. नाही म्हटलं की ते पुन्हा पहिल्यापासून सांगत. थोडं ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे ऐकायची मला आता गरज नाही. मी उठले, पुढच्या खोलीतून बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून समोरच्या सोड्याच्या गाडीवर गेले. गाडीवाल्याने बाटलीतली गोटी अंगठ्याने आत दाबली, लिंबू पिळलं, मीठ टाकलं. मी एका दमात अर्धा ग्लास प्यायले. नाकात झिणझिण्या आल्या, घशाला गार लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं. गाडीवाला म्हणाला, सावकाश पी ना पोरी, गाडी सुटतीये का तुझी? मी नाही म्हटलं आणि तिथेच, उन्हात उभी राहून, उरलेला सोडा सावकाश प्यायले.